घाव, घाला, संक्रांत आणि पानिपत

मराठीत आघाताला शब्द कमी नाहीत आणि प्रत्येकाचे वजन निराळे आहे. ‘घाव’ हा संस्कृत ‘घात’पासून आलेला. तो बसतो, तसा भरूनही येतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतोच. ‘घाला’ बेसावध गाठतो. मुलखावर शत्रू घाला घालतो, घरावर काळ. या उतरंडीच्या टोकाला दोन शब्द आहेत: अरिष्टासाठी ‘संक्रांत’ आणि सर्वनाशासाठी ‘पानिपत’.

या दोहोंची सांगड घालणारी एक कथा व्याख्यानांतून मी अनेकदा ऐकली आहे. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी, ऐन संक्रांतीला झाला, म्हणून ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला, असे सांगतात. तारीख बिनचूक आहे. त्या दिवशी शके १६८२ ची पौष शुद्ध अष्टमी, बुधवार होता. पण संक्रांत नव्हती. मकरसंक्रमण इंग्रजी तारखेच्या हिशेबाने सुमारे ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. त्याच्या शंभर वर्षे आधी संक्रांत १४ तारखेला कशी येईल? पानिपतच्या रणात तोफा डागल्या गेल्या, तेव्हा सण होऊन गेला होता.

मग संक्रांत अशुभ का ठरली? माझ्या मते उत्तर पंचांगात आहे. तिथे संक्रांत ही वाहनावर बसून येणारी देवता आहे. ती जिकडे पाहते तिकडे अनिष्ट, हा समज घरोघरी आहे. ‘अमक्यावर संक्रांत आली’ म्हणताना आपण तिची नजरच सांगत असतो. त्यासाठी पानिपतची गरज नाही.

‘पानिपत झाले’ या प्रयोगाचे मूळ मात्र खरोखर त्या रणात आहे. अब्दालीने यमुना उतरून दिल्लीची वाट अडवली, रसद तुटली, उपाशी फौज लढली. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ पडले. २३ जून १७६१ रोजी नानासाहेब पेशवेही पर्वतीवर गेले. घराघरांतली माणसे परतली नाहीत. त्या पिढीला हा सर्वनाशच वाटला असणार.

तरी पुढचा हिशेब मांडायला हवा. १७६३ मध्ये माधवरावांनी राक्षसभुवनला निजामाच्या फौजेचा पराभव केला. १७७१ मध्ये मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या आणि महादजी शिंद्यांच्या पाठबळावर बादशहा शाह आलम १७७२ च्या जानेवारीत राजधानीत परतला. म्हणजे भाषेने ज्याला विनाश म्हटले, तो इतिहासात घाव ठरला. खोल, पण दहा वर्षांत बराचसा भरलेला.

पराभवाला आपण कोणता शब्द देतो, यावर पुढची पिढी त्यातून काय शिकते हे ठरते. संक्रांत म्हटले की दोष ग्रहांकडे जातो. घाव म्हटले, तर रसद का तुटली हे विचारावे लागते.