डिस्क गोल्फ : उमेदीपासून उतारवयापर्यंतचा खेळ

गोल्फच्याच धर्तीवर, परंतु काठी आणि चेंडूऐवजी प्लास्टिकची चकती फेकून खेळल्या जाणाऱ्या खेळाला डिस्क गोल्फ असे म्हणतात. ठरलेल्या जागेवरून चकती फेकायची, ती जिथे पडेल तिथून पुढची फेक करायची आणि साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत कमीत कमी फेकींत ती पोहोचवायची, इतकाच या खेळाचा गाभा आहे. एका मैदानात बहुधा ९ किंवा १८ टोपल्या असतात. अमेरिका, कॅनडा आणि उत्तर युरोपात हा खेळ चांगलाच रुजला असून जगभरातील मैदानांची संख्या १५ हजारांच्या पुढे गेली आहे. यांपैकी बहुतेक मैदाने सार्वजनिक उद्यानांत असून तेथे खेळण्यासाठी शुल्क द्यावे लागत नाही. अनेकांची या खेळाशी पहिली गाठ पडते तीही बागेत फिरताना किंवा एखाद्या मित्राच्या आग्रहावरून. पुढे तो वर्षानुवर्षे सुटत नाही.

खेळाच्या जनकत्वाचा मान सामान्यतः एड हेड्रिक यांना दिला जातो. मात्र हा खेळ त्यांना एकट्यालाच सुचला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात १९२६ मध्ये शाळकरी मुले पत्र्याची झाकणे फेकून अशाच प्रकारचा खेळ खेळत होती. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे १९७० पासून नियमित खेळणारा एक गट होता आणि १९७४ मध्ये तेथे झालेल्या स्पर्धेत विजेत्याला चक्क मोटारगाडी बक्षीस मिळाली होती. हेड्रिक यांचे श्रेय वेगळे आहे. फ्रेड मॉरिसन यांनी तयार केलेल्या चकतीचे हक्क व्हॅम-ओ कंपनीने १९५७ मध्ये घेतले आणि ती फ्रिसबी या नावाने बाजारात आणली. पुढे याच कंपनीत असताना हेड्रिक यांनी चकतीच्या पृष्ठभागावर वर्तुळाकार कंगोरे देऊन तिचे उड्डाण स्थिर केले. त्याचे पेटंट १९६७ मध्ये मिळाले. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात त्यांनी पहिले कायमस्वरूपी मैदान उभारले. आरंभी तेथे लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की नाही, यावरून वाद होत. त्यावर तोडगा म्हणून साखळ्यांचा पडदा आणि खाली टोपली अशी रचना त्यांनी केली. साखळ्या चकतीचा वेग शोषून घेतात आणि ती टोपलीत पडते. या रचनेचे पेटंट १९७७ चे आहे. टोपली आली आणि वाद मिटला. खेळ खऱ्या अर्थाने उभा राहिला तो येथूनच.

चकतीचे उड्डाण हा खेळाचा सर्वांत गुंतवून ठेवणारा भाग होय. उजव्या हाताच्या खेळाडूने हात शरीराच्या डावीकडून पुढे नेत चकती फेकली, तर ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग जास्त असेतोवर ती सरळ जाते किंवा किंचित उजवीकडे झुकते आणि वेग ओसरला की डावीकडे वळून खाली येते. कोणती चकती किती झुकेल, हे तिच्या कडेचा आकार, वजन आणि झीज यांवर ठरते. १९८३ मध्ये डेव्ह ड्यूनिपेस यांनी निमुळत्या कडेची चकती आणली आणि फेकीचे अंतर एकदम वाढले. २०१६ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात डेव्हिड विगिन्स ज्युनियर यांनी वाऱ्याच्या साहाय्याने ३३८ मीटरची फेक केली. झाडांवर आपटून झिजलेली चकती नव्या चकतीपेक्षा वेगळी उडते. म्हणूनच अनुभवी खेळाडू एकाच साच्याच्या नव्या, मध्यम झिजलेल्या आणि जुन्या अशा अनेक चकत्या बाळगतात. जुनी चकती टाकून देण्याची नव्हे, तर ओळखण्याची वस्तू ठरते. नवोदितांनी मात्र लांब पल्ल्याच्या, धारदार कडेच्या चकतीचा मोह टाळावा. वेग देता आला नाही तर ती लवकर वळून खाली येते. जाड कडेची, जवळच्या फेकीसाठी असलेली एकच चकती आरंभी पुरेशी आहे.

हा खेळ आयुष्यभर का टिकतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी टोपलीजवळच्या १० मीटरच्या वर्तुळात सापडते. या वर्तुळात चकती सोडल्यावर तोल सावरल्याखेरीज पुढे पाऊल टाकता येत नाही. येथे दंडातील ताकदीपेक्षा स्थिर हात आणि सराव उपयोगी पडतो आणि वयाने लांब फेक कमी झाली, तरी ही जमेची बाजू शिल्लक राहते. हेड्रिक यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशनच्या स्पर्धांत ४० वर्षांपासून थेट ८० वर्षांच्या पुढपर्यंत वेगवेगळे वयोगट आहेत. सदस्याला मिळणारा क्रमांक कायमचा असतो. पहिला क्रमांक अर्थातच हेड्रिक यांचा. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थींची राख काही चकत्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळण्यात आली. तथापि खेळ सौम्य आहे म्हणून तो निर्धोक आहे असे नव्हे. खांदा, कोपर आणि गुडघा यांवर वारंवार ताण येतो, त्यामुळे शरीर मोकळे केल्याविना पहिली लांब फेक करू नये.

केन क्लाइमो यांनी १९९० ते १९९८ या काळात सलग नऊ आणि एकूण १२ जागतिक विजेतेपदे मिळवली, तरी त्यांचे नाव खेळाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. आता चित्र पालटले आहे. २०२१ मध्ये पॉल मॅकबेथ यांनी डिस्कक्राफ्ट कंपनीशी १० वर्षांसाठी १ कोटी डॉलरचा करार केला. त्याच वर्षी यूटा राज्यातील ऑग्डेन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत जेम्स कॉनरॅड यांनी शेवटच्या टोपलीत २४७ फुटांवरून चकती टाकून मॅकबेथ यांच्याशी बरोबरी साधली आणि नंतर विजेतेपदही पटकावले. २०२० च्या महामारीत मोकळ्या हवेतला, अंतर राखून खेळता येणारा खेळ म्हणून त्याकडे लोकांचा ओघ वाढला होताच. गर्दीचे दुष्परिणामही आहेत. वेगवान चकती लागून इजा होऊ शकते, सततच्या माराने झाडांच्या साली सोलल्या जातात आणि फिरायला येणाऱ्यांची वाट अडते. उद्यान सर्वांचे असल्याने ही तक्रार रास्तच म्हणावी लागेल. विनामूल्य मैदान हे या खेळाचे बलस्थान असले, तरी त्याची देखभाल कोणाला तरी करावीच लागते आणि अनेक ठिकाणी ती खेळाडूंच्या श्रमदानावर चालते.

युरोपात फिनलंड आणि एस्टोनिया या देशांनी आघाडी घेतली आहे. एस्टोनियाच्या क्रिस्टिन टाटार यांनी २०२२ आणि २०२३ मध्ये महिलांचे जागतिक विजेतेपद मिळवले, तर २०२५ ची व्यावसायिक जागतिक स्पर्धा फिनलंडमधील टाम्पेरे परिसरात झाली. भारतात चकतीचा खेळ म्हटला की बहुधा दोन संघांत खेळला जाणारा अल्टिमेट डोळ्यांसमोर येतो. चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर तो नियमित खेळला जातो. डिस्क गोल्फ त्यामानाने अपरिचित आहे. टोपली उपलब्ध नसल्यास मोकळ्या, निर्जन मैदानात एखादा खांब लक्ष्य मानून सराव करता येतो. अशा वेळी चकती खांबाला लागली, की ती फेक पूर्ण झाली असे धरतात.