गर्भपात, पहिले शील आणि कोल्हापूर

विहारात किंवा युवक शिबिरात गर्भपाताचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : 'पाणातिपाता वेरमणी' म्हणणाऱ्याला हे चालते का? कोल्हापुरात या प्रश्नाला वेगळे वजन आहे. २००१च्या जनगणनेत जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे फक्त ८३९ मुली होत्या; राज्यात ९१३. शाहू महाराजांच्या जिल्ह्याला मान खाली घालायला लावणारा हा आकडा. पुढे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवले गेले. यंत्रावर काय पाहिले गेले, याची नोंद त्यात राहत असे.

याच काळात 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द घरोघरी पोचला. हेतू चांगला होता, शब्दाने मात्र घोटाळा केला. 'हत्या' म्हटले की प्रत्येक गर्भपात गुन्हाच वाटतो. कायदे दोन आहेत. १९९४चा कायदा गर्भलिंगनिदानाला बंदी करतो. १९७१चा कायदा अटींसह गर्भपाताला परवानगी देतो : २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोघांच्या मताने. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही या २४ आठवड्यांचा लाभ दिला. सज्ञान स्त्रीला स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, दवाखाने मागतात!

आता धम्माकडे. विनयपिटकातील तिसरी पाराजिका स्पष्ट आहे : आईच्या गर्भात पहिले विज्ञान प्रकट झाल्यापासून मनुष्यजीवन मोजले जाते आणि जाणूनबुजून गर्भ पाडणारा भिक्खू संघात राहत नाही. हे तरुणांपासून लपवू नये. पण हा भिक्खूंचा नियम आहे. शिवाय गर्भात पहिल्या दिवसापासून 'आत्मा' असतो, म्हणून तो पूर्ण व्यक्ती, हा युक्तिवाद अनात्मवाद्यांना घेता येत नाही. महातण्हासंखय सुत्तात गर्भधारणा अनेक प्रत्यय एकत्र आल्याने होते असे सांगितले आहे. आमच्या समजुतीप्रमाणे व्यक्तित्वही असेच प्रत्ययांनी घडत जाते. गर्भाला मोल आहे, पण ते आईच्या जिवावर मात करणारे नाही.

तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत पाहिले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये तत्त्व आणि नियम यांत फरक केला. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांतही केला. त्यांनी तो गर्भपाताबद्दल केलेला नाही, तो इथे लावतो आहोत आम्ही. बलात्कारातून गरोदर राहिलेली चौदा वर्षांची मुलगी आणि 'तिसरीही मुलगीच' म्हणून दवाखाना शोधणारे घर, नियमाच्या तराजूत सारखेच तोलले जातील. तत्त्व मात्र विचारते, इच्छा कोणाची आणि कशासाठी? मल्लिकेला मुलगी झाल्यावर राजा पसेनदी खिन्न झाला, तेव्हा मुलगी मुलाहूनही श्रेष्ठ ठरू शकते असे तथागतांनी त्याला सांगितले. दुसऱ्या घरातली अकुशल चेतना हीच, पसेनदीची. आणि ती बहुधा त्या बाईची एकटीची नसते. सासू, नवरा, वारसाची हाव, सगळे तिच्या पाठीशी उभे असतात.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळला २०१७ मध्ये पुरलेली १९ अर्भके सापडली. प्रकरण उघड झाले ते गर्भपातात एका विवाहितेचा जीव गेल्यामुळे. मोर्च्यांत, फलकांवर १९चा आकडा राहिला. ती बाई विसावी होती, हे फारसे कोणी म्हटले नाही.

१९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. तो फेटाळला गेला. विषय गर्भपाताचा नव्हता, पण बाळंतपणाच्या वेदना पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या तर काय झाले असते, हा सवाल त्यात होता.

आम्ही आता फलकांवर 'गर्भलिंगनिवड' असे लिहितो. आणि अडचणीत सापडलेली मुलगी विहारात आली, तर कार्यकर्त्याने शील समजावत बसू नये. आधी किती आठवडे झालेत ते विचारावे, वय अठराच्या आत असेल तर विश्वासाचा पालक शोधावा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे.