शेवटच्या रांगेतली दाद

कोल्हापुरात गाण्याविषयी बोलायचे तर सुरुवात उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांपासून करावी लागते. शाहू महाराजांच्या पदरी राहून त्यांनी या गावाला जयपूर-अत्रौली गायकी ऐकवली. १९४६ साली ते मुंबईत वारले. तोवर आपल्याकडे ध्वनिमुद्रण सुरू होऊन ४४ वर्षे झाली होती, तरी खाँसाहेबांच्या आवाजाची एक तबकडी मिळत नाही. आपण त्यांना ऐकतो ते केसरबाई, मोगूबाईंच्या गळ्यातून. म्हणून जे आवाज उरले आहेत, ते वाजवताना आपण त्यांचे काय करतो, हा प्रश्न मला लहान वाटत नाही.

१९०२ साली कोलकात्यात गौहर जान गायल्या त्या कर्ण्यासमोर. आवाज कमी-जास्त करायचे बटण नव्हते. तान जोरात आली की गाणाऱ्यानेच मागे सरायचे! १९२५ च्या सुमारास विजेवरचे ध्वनिमुद्रण आले, मायक्रोफोन आला आणि हे काम तंत्रज्ञाच्या बोटांकडे गेले. पुढे सीडीच्या काळात, विशेषतः १९९० नंतर, आपले गाणे दुसऱ्याच्या गाण्यापेक्षा मोठे वाजावे अशी चढाओढ लागली. हळू सूर वर ओढायचे, मोठे दाबायचे, सगळेच कानाशी ओरडणारे.

या साऱ्या पिढ्या घरच्या संगणकात एकाच फोल्डरमध्ये येऊन बसल्या. जुन्या तबकडीवरची भैरवी ऐकण्यासाठी आवाज वाढवावा, तर पाठोपाठ लागलेल्या सिनेमाच्या गाण्याने शेजारी जागे होतात.

२००१ साली डेव्हिड रॉबिन्सन यांनी यावर ‘रिप्लेगेन’ ही युक्ती मांडली. गाणे कानाला किती मोठे लागते हे मोजायचे आणि तो आकडा फाइलच्या माहितीत चिठ्ठीसारखा लिहून ठेवायचा. फूबारसारखा वादक ती चिठ्ठी वाचून वाजवताना आवाज वर-खाली करतो. चिठ्ठी फाडली की गाणे होते तसे. ‘नॉर्मलाइझ’ करून फाइल पुन्हा साठवली, की मात्र नवे आकडे कायमचे लिहिले जातात.

त्यातही एक मेख आहे. ‘ट्रॅक’ हा पर्याय निवडला की प्रत्येक तुकडा सारखा होतो. विलंबितातली शांत आलापी द्रुत तानांइतकीच मोठी. रागदारीसाठी ‘अल्बम’ निवडावा, म्हणजे आतला चढउतार शाबूत राहतो. आवाज फाटू नये म्हणून क्लिपिंग टाळण्याची खूण चालू ठेवावी. इक्वलायझर आणि बाकीची सजावट बंद.

आता एक कबुली. पातळी सारखी केली की कानावर येते ते अक्षरशः जसेच्या तसे नसते, कारण आकड्यांना गुणिले गेलेले असते. दोन्ही एकदम साधत नाही. मी दिवसा मिश्र गाणी लावतो तेव्हा रिप्लेगेन चालू असते. रात्री एकट्या केसरबाई असल्या की ते बंद, वादकाचा आवाज पूर्ण, विंडोजची मिसळणी टाळणारा ‘एक्स्क्लुझिव्ह’ मार्ग, आणि हात अॅम्प्लिफायरच्या गोल बटणावर.

हे मला उशिरा कळले. अब्बांनी एका घरगुती बैठकीची कॅसेट जपली होती. मी ती एका दुकानात देऊन संगणकावर उतरवून घेतली. दुकानदाराने आपुलकीने खरखर काढली, आवाज ‘सारखा’ करून दिला. खरखरीबरोबर तंबोराही गेला. अब्बा बैठकीत नेहमी दाराजवळ, शेवटी बसत. त्यांची दाद हलकी, दुरून यायची. त्या फाइलमध्ये ती गाणाऱ्याइतकीच मोठी झाली आहे. मुले खूश झाली: आजोबांचा आवाज किती स्पष्ट आला! मला मात्र ते मांडी घालून थेट गवयाच्या पुढ्यात येऊन बसल्यासारखे वाटतात. तिथे ते कधीच बसले नसते. कॅसेटला आता बुरशी धरली आहे, ती वाजत नाही.