नागपाड्याचे नेबरहूड हाऊस

देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था आपल्यापैकी बऱ्याच जणांनी निदान बाहेरून तरी पाहिली असेल. तिचा जन्म मात्र नागपाड्याचा, १९३६ चा, आणि तोही एका वस्तीकेंद्रात. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ साली मुंबईत आले. ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ ही त्यांचीच उभारणी. टाटांच्या संस्थेचे पहिले संचालकही तेच.

कल्पना मूळची परदेशी. लंडनचा टॉयन्बी हॉल १८८४ चा, शिकागोचे हल हाऊस १८८९ चे. हल हाऊसमध्ये कामकरी आयांच्या लेकरांना बालवर्ग, थोरल्यांना क्लब आणि व्यायामशाळा, मोठ्यांना रात्रीचे वर्ग. धाकट्याला पोचवायला आलेली आई थोरल्याची काळजीही तिथेच बोलून दाखवणार, हा माझ्या मते त्यातला खरा फायदा. इंग्लंडने १९९८ नंतर ‘शुअर स्टार्ट’ आणले ते चिमुकल्यांसाठी. आता तिथली ‘फॅमिली हब’ १९ वर्षांपर्यंतच्या मुलांची विचारपूस एकाच दारात करतात. शंभर वर्षांनी गाडी पुन्हा त्याच स्टेशनात!

नागपाड्यात मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, हिंदू अशी दाट वस्ती. तिथल्या पोरांना धरून ठेवले ते बास्केटबॉलने. त्या खेळात नागपाड्याचे नाव आजही निघते.

आपल्या हॉलमध्ये महिला मंडळ आहे, ज्येष्ठांचा कट्टा आहे. कॉलेजची पोरे मात्र गेटवर, आणि तिथेही वॉचमन हटकतो. ‘आवाज होतो’ म्हणून सभेत हा विषय दोनदा मागे पडला. मी बँकेतला माणूस, खर्च मांडूनच बोलतो: दोन कॅरम, एक टेबल-टेनिसचे टेबल आणि संध्याकाळी सात ते नऊ हॉलची चावी.