धार, धारेला: एका शब्दाचा माग

कार्तिक पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीला माणसं पायी येतात. त्यांतलाच कुणी सांगतो, "कपिलधारला आलो, धारेखाली अंघोळ केली." गावाच्या नावातली धार तशीच राहिली, पाण्याची मात्र 'धारे' झाली. हा 'ए' आला कुठून?

संस्कृतात शब्द आहे 'धारा'. मराठीत येताना शेवटचा 'आ' झिजला. तशीच जिह्वेची जीभ झाली, भिक्षेची भीक, खट्वेची खाट. यांना प्रत्यय लावा: जिभेला, भिकेला, खाटेला. आता दुसरा गट पाहू. भित्तीची भिंत, मुष्टीची मूठ, वर्तीची वात. इथे होतं भिंतीला, मुठीला, वातीला. मूळ रूपात दोन्ही गट सारखे दिसतात, पण सामान्यरूपात कूळ उघडं पडतं. महाराष्ट्री प्राकृतात 'धाराए', 'धाराओ' अशी रूपं होती. पुढे प्रत्यय असल्यामुळे तिथला 'आ' एकदम गळाला नाही. त्यांतून आपली 'धारे' आणि 'धारा' ही रूपं आली.

म्हणजे संस्कृतचं एकही पान उरलं नसतं, तरी या शब्दांचे अंत्य स्वर एकेकाळी वेगळे होते, एवढं अनुमान आपण केलं असतं. धुरावरून अग्नी ओळखावा तसं. भाषाशास्त्रज्ञ असे अनुमानित शब्द तारा लावून लिहितात. फिनिश भाषेत राजाला 'कुनिंगास' म्हणतात. तो जर्मानिक *कुनिंगाझ वरून उसना घेतलेला. इंग्रजीत त्याचं नुसतं 'किंग' उरलं. शेवट टिकला तो उसनवारी करणाऱ्यांकडे.

अनुमानाला व्यभिचारही असतो. 'चूक' घ्या: अनेकवचन 'चुका', पण सामान्यरूप 'चुकीला'. तेव्हा एका शब्दावर भिस्त ठेवू नये, गट पाहावा.

आता आमची चूक सांगतो. पतंजलींनी 'गो' शब्दाच्या गावी, गोणी या रूपांना अपभ्रंश म्हटलं. आम्ही वर्षानुवर्षं वर्गात त्याचा अर्थ 'घसरण' एवढाच सांगितला. खेड्यांतून आलेली मुलं ते ऐकून घरची बोली तोंडातच ठेवत. वास्तविक ती जे बोलत होती, त्यातही नियम होता आणि दोन हजार वर्षांचा पुरावा होता. तो आम्हीच ऐकला नाही.

घरी गेल्यावर 'लाज' आणि 'आग' यांना प्रत्यय लावून पाहा. मूळ शब्द कोणते, ते तुमचं तुम्हालाच सापडेल.