तारेची धग आणि वाफेची पारख

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बीड तालुक्यातलं लिंबागणेश हे गाव भालचंद्र गणपतीमुळं सगळीकडं माहीत आहे. या गावात किंवा आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ज्यानं विजेची कॉईलची शेगडी वापरली आहे, त्याला ओहमचा नियम वेगळा शिकवावा लागत नाही. आपल्या खेड्यापाड्यांत ट्रान्सफॉर्मर लांब असला आणि शेतातल्या मोटारी सुरू झाल्या, की घरातला पिवळा दिवा मंद होतो आणि शेगडीची तार लालऐवजी नुसती तांबूस दिसू लागते. चहाला उकळी येत नाही. ‘लाईट कमी आहे’ असं म्हणून घरची बाई पुन्हा चुलीकडं वळते.

हा हिशेब सोपा आहे. २३० व्होल्टवर १००० वॅटची उष्णता देणाऱ्या शेगडीच्या तारेचा रोध सुमारे ५३ ओहम असतो. व्होल्टेज १७० वर आलं, म्हणजे जेमतेम चौथाईनं घटलं, की उष्णता मात्र ५५० वॅटवर येते. चौथाई व्होल्टेज गेलं आणि जवळजवळ निम्मी धग गेली! कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. आता उलटी गोष्ट पाहा. शेगडीची तार तुटते. नवी आणायला तालुक्याला कोण जाणार? म्हणून दोन टोकं पिळून जोडतात. तार आखूड झाली, रोध कमी झाला. शेगडी आता पूर्वीपेक्षा जास्त लाल होते आणि पुन्हा लवकर जळते.

आजचा आपला विषय याच तारेच्या एका इवल्याशा भावंडाचा आहे. तिचं नाव ई-सिगारेट. तिच्यात जाळ नसतो आणि राखही नसते. बॅटरी, बोटाच्या पेराएवढी कॉईल, कापसाची वात आणि निकोटीन मिसळलेला द्रव, एवढाच संसार. व्होल्टेज आणि रोध यांचा मेळ बसला की ‘चांगली वाफ’ येते, असं ती ओढणारे सांगतात. ही चांगली वाफ ठरवायची कुणी, हा प्रश्न मात्र ई-सिगारेटहून चारशे वर्षांनी जुना आहे आणि तो सुरू झाला तो आपल्या दख्खनमध्ये.

१६०४ च्या सुमारास अकबर बादशहाचा माणूस असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारी आला होता. पोर्तुगिजांनी आणलेली तंबाखू तिथं त्यानं पाहिली. रत्नजडित नळीसह ती त्यानं बादशहापुढं नेऊन ठेवली. अकबरानं दोन-चार झुरके घेतले. हकिमांनी मात्र हरकत घेतली. फिरंगी ओढतात, एवढं कारण त्यांना पुरेसं वाटलं नाही. आपल्याकडं या वस्तूची पारख झालेली नाही, असा त्यांचा मुद्दा होता. पुढं १६१७ मध्ये जहांगिरानं तंबाखूवर बंदीचा हुकूम काढला. तंबाखू थांबली नाही. ती दरबारातून बाजारात आणि बाजारातून बांधावर आली.

बांधावरच्या माणसाची कॉईल म्हणजे गोवरीचा निखारा. चिलीम भरणाऱ्याला धगीचं तंत्र पुरतं कळलेलं असे. निखारा फार फुलला तर तंबाखू करपते आणि घशाला चटका बसतो, विझत आला तर नुसती ओढाताण. म्हणून चिलमीच्या तोंडाला ओलं फडकं गुंडाळायचं, आणि गुडगुडीत पाणी. धूर थंड झाला की तो निर्मळ झाला, असा समज रूढ झाला. तो खरा नव्हता. पाण्यानं धूर गार होतो, पण त्यातलं विष पाण्यात राहत नाही. पहिली चूक इथं झाली. जिभेला आणि घशाला जे बरं वाटलं, तेच छातीलाही बरं, असं लोकांनी धरून चाललं.

आता तारेकडं येऊ. कोलोनच्या शाळेत शिकवणाऱ्या गेऑर्ग ओहमनं १८२७ मध्ये व्होल्टेज, प्रवाह आणि रोध यांचं नातं ग्रंथरूपानं मांडलं. मायदेशात त्याची फारशी कदर झाली नाही. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोपली पदक दिलं, तेव्हा लोकांचे डोळे उघडले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जेम्स जूलनं तारेत वीज गेली की किती उष्णता होते, हे मोजून दाखवलं. पण हे गणित स्वयंपाकघरात यायला आणखी साठ-पासष्ट वर्षं गेली, कारण लालबुंद होऊनही न जळणारी तारच कुणाजवळ नव्हती. ती अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्शनं केली. निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रणाच्या तारेचं पेटंट त्याला १९०६ मध्ये मिळालं. हीच आपली नायक्रोम. शेगडी, इस्त्री, पाणी तापवण्याचा रॉड ही सगळी तिचीच लेकरं.

तंबाखूशी तिची गाठ घालायचे प्रयत्नही जुने आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या हर्बर्ट गिल्बर्टनं बिनधुराच्या सिगारेटसाठी १९६३ मध्ये पेटंटचा अर्ज केला. १९६५ मध्ये ते मिळालं, पण माल बाजारात आला नाही. पुढं २००३ मध्ये चीनमधले औषधतज्ज्ञ होन लिक यांनी आजच्या ई-सिगारेटचा पाया घातला. ते स्वतः सिगारेट ओढत आणि त्यांचे वडील फुफ्फुसाच्या कर्करोगानं गेले. त्यांच्या पहिल्या यंत्रात द्रवाचे तुषार ध्वनिलहरींनी होत. तापणाऱ्या तारेनं ही जागा नंतर घेतली.

या तारेचं गणित शेगडीसारखंच आहे. लिथियम बॅटरीचं व्होल्टेज ३.७ धरू. कॉईल २ ओहमची असेल तर सुमारे ७ वॅट उष्णता मिळते. बॅटरी पूर्ण भरली असता व्होल्टेज ४.२ असतं, तेव्हा हीच उष्णता ९ वॅटच्या घरात जाते. उतरत ३.३ वर आली की साडेपाच वॅट. म्हणून सकाळची वाफ दाट आणि संध्याकाळची पातळ! पुढं व्होल्टेज बदलता येईल अशी यंत्रं आली. कुणी कमी रोधाच्या कॉइली हातानं वळू लागलं. ४.२ व्होल्टला १ ओहमची कॉईल जोडली की धग साडेसतरा वॅटच्या पुढं जाते. आखूड तारेच्या शेगडीचीच ही गोष्ट. रोध फारच कमी केला तर बॅटरीतून झेपणार नाही एवढा प्रवाह ओढला जातो आणि ती पेट घेऊ शकते.

वातीचंही तसंच. समईतलं तेल संपलं की वात जळू लागते, हे आपण रोज पाहतो. इथं धग जास्त आणि द्रव कमी पडला की वात करपते आणि द्रवातले घटक मोडतात. २०१५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पोर्टलंड इथल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३.३ व्होल्टवर फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगं त्यांना वाफेत आढळली नाहीत, ५ व्होल्टवर मात्र ती भरपूर निघाली. फॉर्माल्डिहाइड कर्करोगाला कारणीभूत ठरतं. इतर संशोधकांनी आक्षेप घेतला, की एवढी करपलेली वाफ माणूस ओढणारच नाही, चवीनंच ती थुंकून टाकेल. आक्षेपात तथ्य आहे. पण म्हणजे राखणदार कोण ठरला? पुन्हा जीभच. चिलमीच्या काळी होती तीच.

आणि जिभेला सगळं कळत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत तरुण मुलं धाप लागून दवाखान्यात येऊ लागली. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत असे २,८०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि ६८ जण दगावले. बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेला द्रव ओढला होता आणि तो दाट करायला घातलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर मुख्य ठपका आला. व्होल्टेज बरोबर, रोध बरोबर आणि वाफही दाट असली, तरी कुपीत काय आहे हे कुठलं मीटर दाखवणार?

दुसरी बाजूही सांगायला हवी. इंग्लंडमध्ये ८८६ जणांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ई-सिगारेट दिलेल्यांपैकी १८ टक्के लोक वर्षभरानंतरही सिगारेटपासून दूर होते. निकोटीनच्या पट्ट्या, च्युइंगम अशी साधनं दिलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होतं. पण यशस्वी झालेल्या पहिल्या गटातले दहापैकी आठ जण ई-सिगारेट मात्र ओढतच होते. म्हणजे खुंटी बदलली, दावं तसंच राहिलं.

भारतानं सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये कायदा केला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठा यांवर बंदी आली. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. विडी आणि सिगारेट मात्र पानटपरीवर मिळतेच, असा सवाल लोक करतात आणि तो अगदीच गैरलागू नाही. जहांगिराच्या हुकुमानं काय झालं, हेही आपल्यासमोर आहे.

म्हणून कायद्याच्या बरोबरीनं समज हवी, आणि ती द्यायला लिंबागणेशसारख्या गावातली शाळा पुरेशी आहे. दहावीच्या विज्ञानात विजेचा उष्णतेवरचा परिणाम शिकवतात. तिथं शेगडीबरोबर या कॉईलचंही उदाहरण द्यावं. शहरात शिकायला गेलेल्या पोराच्या हाती उद्या कुणी ते चकचकीत यंत्र दिलं आणि ‘ही नुसती वाफ आहे’ असं सांगितलं, तर त्याला दोन प्रश्न सुचले पाहिजेत. तार किती तापते? आणि तिच्यावर काय तापतं? पहिल्याचं उत्तर ओहमनं आणि जूलनं देऊन ठेवलं आहे. दुसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत अकबराच्या हकिमांसारखं ‘याची पारख झालेली नाही’ असं म्हणून हात मागं घेण्यात कमीपणा नाही.