स्वतःची एरर: पायथॉनमध्ये स्ट्रिंगपासून क्लासपर्यंत

लॅबच्या जुन्या हार्ड डिस्कवर 2000 सालच्या आसपासची पायथॉन स्क्रिप्ट सापडली, तर तिच्यातली 'रेझ'ची ओळ बघा. तिथे कदाचित नुसती एक स्ट्रिंग फेकलेली दिसेल. आजचा पायथॉन ती चालवणारच नाही. पण त्या काळी स्वतःची एरर बनवायची म्हणजे बऱ्याचदा हेच: एक वाक्य अवतरणात लिहायचं, त्याला नाव द्यायचं आणि ते फेकायचं.

गिडो व्हॅन रॉसम यांनी 1989 च्या डिसेंबरमध्ये पायथॉन लिहायला घेतली. एक्सेप्शनची कल्पना त्यांनी मॉड्युला-3 या भाषेवरून उचलली. स्ट्रिंगचा मार्ग सोपा होता खरा, पण त्यात एक वाईट खोच होती. 'एक्सेप्ट' अक्षरं जुळतात का हे बघतच नसे. मेमरीतली वस्तू तीच आहे का, एवढंच बघे. म्हणजे एका फाइलमध्ये 'चुकीचं रीडिंग' फेकलं आणि दुसऱ्या फाइलमध्ये तेच शब्द पुन्हा टाईप करून पकडायला गेलात, तर एरर हातातून निसटायची. आणि कधीकधी पायथॉन सारख्या स्ट्रिंग्जची एकच प्रत ठेवायचा, तेव्हा कोड बरोबर चालायचा! असा बग शोधणं म्हणजे डोकेदुखीच. शिवाय स्ट्रिंगला घराणं नसतं. 'सेन्सरशी संबंधित सगळ्या एरर पकड' असं सांगायची सोयच नव्हती.

1.5 आवृत्तीत पायथॉनच्या स्वतःच्या एरर क्लास झाल्या. स्ट्रिंग मात्र 2008 मध्ये, 2.6 आली तेव्हा, कायमची बाद झाली.

त्याआधी 2006 मध्ये, 2.5 मध्ये एक बदल झाला, जो तुमच्या रोजच्या कामाचा आहे. सगळ्यांच्या वर 'बेसएक्सेप्शन' आला आणि 'कीबोर्डइंटरप्ट' हा 'एक्सेप्शन'च्या बाहेर काढला गेला. का? कारण रात्रभर चालणारं सिम्युलेशन तुम्ही कंट्रोल-सी दाबून थांबवायला जाता, आणि लूपमधला सरसकट 'एक्सेप्ट एक्सेप्शन' ते गिळून पुढच्या फेरीला लागतो. म्हणून तुमचा क्लास 'एक्सेप्शन'वरून बनवा, 'बेसएक्सेप्शन'वरून नको.

क्लासचा फायदा पायथॉनला स्वतःलाही पुढे झाला. फाइल उघडताना 'आयओएरर' यायची, डिलीट करताना 'ओएसएरर'. फाइल मुळात नाहीच हे कळायला आत डोकावून क्रमांक 2 आहे का ते तपासावं लागे. 2012 च्या 3.3 मध्ये दोन्ही एक झाल्या आणि त्यांच्याखाली 'फाइलनॉटफाउंडएरर' आली.